डावीकडचा ब्रेक

ब्रेकमास्तरांची उजवी चप्पल नेहमी डावीच्या आधी झिजायची. डावीला अजून दुकानाचा वास येत असायचा, तोवर उजवीला चवड्याखाली बटणाएवढं भोक पडलेलं असायचं. चपला शिवणारा एकदा वैतागून म्हणाला, "मास्तर, घरापासून क्लासपर्यंत लंगडी घालत येता का हो?" मास्तरांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला.

सगळा रोग त्या पायातच होता. मास्तर गाडी शिकवायचे. शिकणारा उजवीकडे, स्टिअरिंगवर. मास्तर डावीकडे, आणि त्यांच्या पायाशी त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक. शिकणाऱ्याने गाडी गटाराकडे नेली, सायकलवाल्याच्या अंगावर घातली किंवा नुसती जरा उत्साहात पुढे काढली, की मास्तर पाय दाबायचे. दाबण्याआधी त्यांची डावी भुवई वर जायची. अर्ध्या गावाने त्या भुवईच्या धाकात गाडी शिकली होती. डॉक्टर, दूधवाल्याची सून, पोस्टातला कारकून, सगळे मास्तरांचे विद्यार्थी. मास्तरांच्या हाताखालून एकही अपघात झाला नाही, हे खरं. काहींची गाडी मुळात दुसऱ्या गिअरच्या पुढे कधी गेलीच नाही, हेही तितकंच खरं.

पण पाय काही क्लास सुटला म्हणून सुटी घेत नाही. दाढी करायला खुर्चीत बसले आणि वस्तरा गळ्याशी आला, की मास्तर पाय दाबायचे. दातांच्या डॉक्टरकडे दाबायचे. बसमध्ये त्यांच्या पुढच्या बाकावर सहसा कुणी बसायचं नाही. झोपेतसुद्धा पाय चालायचा, म्हणून मास्तरीणबाईंनी मध्ये एक जाड उशी लावून ठेवली होती. ती उशीही एका बाजूने दबलेली होती.

आणि घरात तर काय, विचारूच नका. मास्तरीणबाई शिवणकाम करायच्या. त्यांनी शिवणाचा वर्ग काढायचं म्हटलं, की मास्तर म्हणायचे, "बघू." पुढची खोली रंगवायची? "बघू." मास्तरांच्या "बघू"ला पाय नव्हता एवढंच, बाकी तो ब्रेकच होता.

एक गोष्ट मात्र गावात कुणाच्या लक्षात आली नव्हती. मास्तर स्वतः गाडी चालवतच नव्हते. सकाळी पहिला विद्यार्थी घरी यायचा आणि गाडी क्लासला न्यायचा. संध्याकाळी शेवटचा विद्यार्थी त्यांना घरी सोडायचा. भाजी आणायची असली, की मास्तर गंभीरपणे सांगायचे, "आज आपण बाजारातलं पार्किंग शिकू." विद्यार्थी घामाघूम होऊन गाडी लावायचा आणि मास्तर पिशवी घेऊन उतरायचे. असं करता करता वर्षं गेली. शेवटचं स्टिअरिंग कधी धरलं होतं हे त्यांना आठवत नव्हतं. कुणी विचारतही नव्हतं. पोहायला शिकवणारा बुडेल असं कुणाच्या मनात येत नाही, तसंच ते.

लग्न झाल्यावर नव्या नवलाईत त्यांनी बायकोलाही शिकवायला घेतलं होतं. क्लासच्या मागे मैदान होतं, मैदानाला फाटक होतं. मास्तरीणबाईंनी गाडी चालू केली, गिअर टाकला, गाडी हलली. भुवई वर गेली, गाडी थांबली. पुन्हा हलली, पुन्हा थांबली. दुसऱ्यांच्या बायकांना फाटकाबाहेर नेणारे मास्तर स्वतःच्या बायकोला मैदानाच्या मध्यापर्यंतही जाऊ देईनात. शेवटी बाई गाडीतून उतरल्या, पदर खोचला, "पुरे झालं" म्हणाल्या आणि घरी जाऊन भांडी घासायला बसल्या. भांड्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. मास्तरांनी मात्र गावभर सांगितलं, "आमच्या हिला जमत नाही." आणि सांगून सांगून त्यांनाही ते खरं वाटू लागलं.

तर अशा या घरात एक दिवस फोन आला. मास्तरीणबाईंच्या थोरल्या बहिणीचा, आक्कांचा. आक्का लग्न होऊन डोंगरांच्या पलीकडे गेल्या होत्या. तिकडे जायचं म्हणजे दिवसच्या दिवस डोंगरातून जायचं आणि एक उंच खिंड ओलांडायची. बस तिकडे जात नव्हती. आक्का मोकळ्या स्वभावाच्या, रडणं त्यांना माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "अगं, माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही. कडेकडेने अंधार येतोय. मधलं तेवढं दिसतं, नळीतून बघावं तसं. डॉक्टर म्हणतो, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तेही जाईल. तू ये. एकदा तुझं तोंड बघून घेते, मग काय व्हायचं ते होऊ दे."

मास्तरीणबाईंनी फोन ठेवला आणि कपाटावरची बॅग खाली काढली.

मास्तर म्हणाले, "बघू."

"बघायचं आक्काला आहे," बाई म्हणाल्या. "आणि तिच्याकडे वेळ नाही."

तेवढ्यात मेहुणा आला. मास्तरीणबाईंचा धाकटा भाऊ, पाववाला. त्याची बेकरी होती आणि बेकरीची व्हॅन होती. रोज पहाटे गरम पाव गार व्हायच्या आत पोचवायचे, या एकाच तत्त्वावर तो गाडी चालवायचा. वळणावर हॉर्न, चढावर हॉर्न, उतारावर गाणं. तो म्हणाला, "ताई, मी नेतो. आक्का माझीही बहीणच आहे. फळ्या काढून टाकतो, मागे गादी टाकतो. खिंडीत बर्फ पडायच्या आत पोचायचं, एवढंच. एकदा बर्फ पडलं, की खिंडीखाली रस्त्यावरचं फाटक पाडतात आणि उन्हाळ्याशिवाय उचलत नाहीत."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. डोंगर, दरी आणि स्टिअरिंगवर हा पाववाला! पण नाही म्हणायची सोय नव्हती. बायकोचा चेहरा त्यांनी असा कधी पाहिला नव्हता. मग ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "व्हॅन जाण्याआधी तपासून घेतलेली बरी. माझ्या ओळखीचा मेकॅनिक आहे. मी बघतो सगळं."

मेहुण्याला गहिवरून आलं. "भाऊजी, किती करता हो तुम्ही!"

ते काय करत होते हे फक्त मेकॅनिकला माहीत होतं. क्लासच्या गाड्यांना डावीकडे ब्रेक बसवून देणारा तोच मेकॅनिक. त्याने व्हॅनलाही तसाच बसवून दिला. पायाशी रबराची चटई होती, तिला बरोबर जागेवर चीर पाडली, आत पेडल. वरून मास्तर शाल पांघरून बसले, की कुणाच्या बापाला कळलं नसतं. "गुडघ्याला गार लागतं," असं मास्तरांनी निघण्याआधीच सगळ्यांना सांगून ठेवलं.

मैदानी रस्ता संपेपर्यंत सगळं छान होतं. मागे गादीवर मास्तरीणबाई, पुढे मेहुणा आणि मास्तर. व्हॅनमध्ये खमिराचा वास कायमचा मुरलेला. गाडीने वळण घेतलं, की कुठल्या तरी फटीतून टोस्टाचा चुरा बाईंच्या केसांत पडायचा. मेहुणा गात होता. मग डोंगर आला. पहिलंच वळण आणि मेहुण्याने ते पाववाल्याच्या वेगाने घेतलं. खाली नदी दिसली.

भुवई वर गेली. शाल किंचित हलली. गाडीला करकचून ब्रेक लागला.

"अरेच्चा!" मेहुण्याचं गाणं मध्येच तुटलं. "मी तर ब्रेकला पायही लावला नाही!"

"लागला असेल," मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले.

पुढच्या वळणावर तेच. त्याच्या पुढच्या वळणावर तेच. मेहुण्याने हळू चालवून पाहिलं, तरी तेच. कारण मास्तरांचा पाय आता वेग बघत नव्हता, तो फक्त दरी बघत होता. पहिल्या गावात मेहुण्याने गाडी मेकॅनिकपुढे उभी केली. मेकॅनिकने चाकं काढली, फुंकर मारली, पुन्हा बसवली आणि म्हणाला, "काही नाही." मास्तर या सगळ्या वेळात जागचे हलले नाहीत. गुडघा! वर आणि खिडकीतून मान काढून तज्ज्ञासारखं म्हणाले, "डोंगरात गाड्या वेगळ्या वागतात. हवेचा दाब असतो ना." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

पुढच्या गावी दुसरा मेकॅनिक. त्यालाही काही सापडलं नाही. त्याच्या पुढच्या गावी मेकॅनिकच नव्हता, तर मेहुण्याने एका मेंढपाळाला गाडी दाखवली. मेंढपाळाने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि सांगितलं, "दमलीये."

हे मेहुण्याला पटलं. आता तो गाडीशी बोलू लागला. वळण आलं, की डॅशबोर्डवर थोपटून म्हणायचा, "घाबरू नकोस गं, सांभाळून घेतो." तरीही ब्रेक लागला, की त्याचा चेहरा पडायचा. एकदा चहाला थांबले तेव्हा तो टायरच्या पाया पडताना मास्तरांना दिसला. मास्तरांना थोडं वाईट वाटलं. खोटं कशाला बोला, थोडीशी मजाही वाटली. शाळेत मास्तरांच्या खुर्चीला डिंक लावणाऱ्या मुलाला वाटते तशी. आयुष्यभर दुसऱ्यांना शिस्त लावणाऱ्या या माणसाला अशी संधी कधी मिळालीच नव्हती.

रस्ता मात्र कुणाच्या गमतीसाठी थांबत नव्हता. डोंगर चढत गेले तशी झाडं कमी झाली, मग झाडं संपली आणि दगड राहिले. दगडी भिंतींची घरं, छपरांवर वाळत टाकलेलं गवत, रस्त्याच्या मधोमध बसलेल्या शेळ्या. मुक्काम एखाद्या घरात. एक खोली, मध्ये शेगडी, भिंतीला टेकून ठेवलेल्या गोधड्यांची चवड. धुराने डोळे चुरचुरायचे. दिवसात दोन गावं गाठायची, तिथे हे एकच गाठायचे. दर मुक्कामाला घरमालकीण वरच्या ढगांकडे बघायची आणि म्हणायची, "खिंड ओलांडायचीय? मग इतक्या सावकाश कशाला आलात?"

मास्तरीणबाई मागे गादीवर बसून पुढे बघत असायच्या. आरशात नवऱ्याची डावी भुवई दिसत होती. ती वर गेली, की शाल हलायची. शाल हलली, की गाडी थांबायची. एवढं जोडायला काही फार अक्कल लागत नव्हती, आणि ही भुवई त्यांनी जन्मभर पाहिली होती. पहिल्या दिवशीच त्यांना कळलं होतं. दमेल, कंटाळेल, शरमेल, मग आपण होऊन सोडेल, असं त्यांना वाटलं. म्हणून त्या मूग गिळून बसल्या. पण तो गडी काही दमेना. बाईंच्या पोटात आता राग साठू लागला होता आणि रागाच्या खाली भीती होती. आक्का दारात बसून वाट बघत असेल. एका डोळ्याने, मग दुसऱ्या डोळ्याने रस्ता धुंडाळत असेल.

खिंडीखालच्या शेवटच्या गावात गाडीच्या चाकातून धूर आला.

तिथला मेकॅनिक ठेंगणा, कानटोपी घातलेला आणि स्पष्टवक्ता. त्याने चाक काढून आतले जळलेले तुकडे मेहुण्याच्या हातावर ठेवले. "इतका ब्रेक कोण दाबतं? चढावरसुद्धा दाबलाय तुम्ही!"

"मी दाबतच नाही हो!" मेहुणा रडकुंडीला आला.

"मग काय तुमची आजी दाबते?"

मास्तर डोंगराकडे बघत राहिले. डोंगर खरोखर बघण्यासारखा होता.

दुरुस्ती झाली. पण मेहुणा चाकाशेजारी दगडावर बसला तो उठेना. "ताई, मला माफ कर. माझ्यात काहीतरी बिघडलंय. पाय माझ्या नकळत दाबला जातो आणि मला कळतही नाही. वर अजून वळणं आहेत. मी तुम्हाला दरीत घालेन. माझ्याकडून आता नाही व्हायचं." निघताना गात गाडी हाकणारा माणूस आणि त्याची ही दशा! मास्तरांना पहिल्यांदाच खोल कुठेतरी टोचलं. ही मजा नव्हती. त्यांनी एका माणसाचा विश्वास काढून घेतला होता, आणि तोही त्यांच्यावरचा नव्हे, त्याचा स्वतःवरचा.

रस्त्याच्या फाटकापाशी पहारेकरी उभा होता. तो ओरडला, "जायचं तर आत्ता जा! वर काळं झालंय. संध्याकाळी फाटक पाडणार आम्ही!"

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. साहजिकच. अर्धं गाव शिकवलेला माणूस बरोबर असताना आणखी कुणाकडे बघायचं? मेहुणा म्हणाला, "भाऊजी, आता तुम्हीच."

आणि मास्तर, ज्यांनी आयुष्यभर बघू म्हटलं, ते या एका वेळी बघू म्हणू शकले नाहीत.

ते उजवीकडे बसले. मास्तरीणबाई मागून पुढे आल्या आणि डावीकडे, नवऱ्याच्या जागेवर बसल्या. शाल तिथेच राहिली होती. मेहुणा मागे गादीवर गुडघे पोटाशी घेऊन बसला. मास्तरांनी स्टिअरिंग धरलं. ते त्यांना फार मोठं वाटलं. गाडी चालू झाली, पहिला गिअर पडला, गाडी फाटकातून पुढे गेली आणि चढावर चार हात जाऊन आचका देऊन बंद पडली. मग मागे सरकू लागली.

मास्तरांचा उजवा पाय तडक खाली गेला. एवढ्या वर्षांची सवय, चुकणार कशी! त्या पायाला एकच पेडल माहीत होतं आणि ते नेहमी समोर असायचं. पण इथे समोर ब्रेक नव्हता, ॲक्सिलरेटर होता. इंजिन तर बंदच, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य. मास्तर जीव खाऊन ॲक्सिलरेटर दाबत होते आणि व्हॅन पाठमोरी घरंगळत होती. मागे कठडा, कठड्यामागे काहीच नाही. पहारेकरी शिट्ट्या फुंकत होता. मेहुणा गादीवर डोळे मिटून आक्काची क्षमा मागत होता.

मास्तरीणबाईंनी शाल उचलली, बाजूला ठेवली आणि चटईच्या चिरेत पाय घालून शांतपणे दाबला.

गाडी उभी राहिली.

मास्तरांनी वळून बघितलं. बाईंनीही बघितलं. तिसरा बघणारा मेहुणा होता, सीटवरून वाकून. त्याने आधी बाईंचा पाय बघितला, मग पेडल, मग मास्तर.

"भाऊजी," तो फार हळू आवाजात म्हणाला. मग हळू राहिला नाही. "भाऊजी! मी गाडीची माफी मागत होतो! मी तिला लाडीगोडी लावत होतो! टायरच्या पाया पडलो मी, टायरच्या! तो मेंढपाळ मला वेडा समजून हसला असेल!"

"आधी मीसुद्धा हसले," मास्तरीणबाई म्हणाल्या. "नंतर नाही हसले." त्या नवऱ्याकडे वळल्या. "उतरा."

"अगं, पण…"

"हँडब्रेक ओढा आणि उतरा. मी चालवते."

"तुला? तुला कुठे येतं?"

"येतं. शिकलेय मी."

"कुठे? कधी? कुणाकडे?"

बाईंनी पदर खोचला. मैदानात खोचला होता तसाच. "पुलापलीकडच्या क्लासात."

आता पुलापलीकडच्या क्लासाबद्दल सांगायलाच हवं. गावात गाडी शिकवणारे दोघेच, आणि पुलाच्या त्या बाजूच्या टोपीवाल्याचं नाव मास्तरांच्या घरात घेतलं जात नव्हतं. "त्याच्याकडे शिकलेला माणूस गाडी चालवत नाही, ढकलतो," हे मास्तरांचं रोजचं वाक्य होतं. आणि त्यांची स्वतःची बायको, शिवलेले कपडे पोचवायला जाते म्हणून पूल ओलांडायची आणि त्या टोपीवाल्याच्या गाडीत बसायची! खाणीच्या चढावर गाडी घालायची! दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर दिव्याने स्वतःच डोळे मिटले होते.

"सांगितलं का नाहीस?" मास्तरांचा आवाज अगदीच बसला.

"तुमचं गावात नाव आहे. मास्तरांची बायको दुसरीकडे शिकली म्हटल्यावर लोक हसले असते. ते मला नको होतं." बाईंनी शालीची घडी घातली. "आणि सांगितलं असतं, तर तुम्ही बघू म्हणाला असतात."

ठेंगणा मेकॅनिक धावत वर आला होता. त्यानेही पेडल पाहिलं, सगळा उलगडा झाला आणि त्याने खिशातून पाना काढला. "काढून टाकू का हे?"

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "काढलं, तर हे नुसती जमीन दाबत बसतील. असू दे तिथेच. त्यांचं त्यांना ठरवू दे."

मास्तर डावीकडे येऊन बसले. बाईंनी चढावर गाडी अशी उचलली, की चाक तसूभरही मागे गेलं नाही. मास्तरांच्या तोंडून "शाबास" निघणार होतं, ते त्यांनी गिळलं. विद्यार्थिनी टोपीवाल्याची होती ना.

मग वळणं सुरू झाली. ढग खाली आले होते, हवेत बर्फाचे बारीक कण दिसत होते. बाई हळू चालवत नव्हत्या, जोरातही नाही. त्यांना पोचायचं होतं, एवढंच. मास्तरांची भुवई वर गेली, पाय पेडलवर टेकला. दाबला नाही, पण टेकला. सगळ्या अंगाचं बळ त्या एका चवड्यात येऊन बसलं होतं. वळण आलं. रस्ता तिथे एका गाडीपुरताच होता, आणि बाहेरच्या बाजूला नदीसुद्धा दिसत नव्हती इतकं खोल. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तिचं लक्ष रस्त्यावर होतं. हात स्थिर होते. ओठ घट्ट मिटलेले, मशीनवर सरळ शिवण घालताना असायचे तसे. तिला भीती वाटत होती, ते त्यांना दिसत होतं. आणि भीती वाटत असूनही तिचा पाय योग्य तेव्हा योग्य तिथे पडत होता. इतके दिवस त्यांनी हा चेहरा कधी नीट बघितलाच नव्हता. ते नेहमी समोरचं गटार बघत आले होते.

मास्तरांनी चपला काढल्या. एक पाय वर घेतला, मग दुसरा. आणि खिंडीतल्या सगळ्यात अरुंद वळणावर ब्रेकमास्तर सीटवर मांडी घालून बसले.

वळण पार झालं. मागून मेहुण्याने हळूच एक टोस्ट पुढे केला. मास्तरांनी तो घेतला आणि अर्धा मोडून बायकोपुढे धरला. स्टिअरिंग न सोडता तिने तो तोंडात घेतला. खिंडीच्या माथ्यावर वारा इतका होता, की बोललेलं ऐकू आलं नसतं. पण मास्तर रडत होते, हे मेहुण्याला आरशात दिसलं. अर्थात, याबद्दलही तो पुढे वर्षभर चिडवणार होता.

आक्का दारातल्या बाकावर बसल्या होत्या. उतारावरून गाडी येताना त्यांनी कोंबडीसारखी मान तिरकी केली, मग दुसरीकडे तिरकी केली, तुकड्यातुकड्याने गाडी बघितली. एका तुकड्यात मांडी घालून बसलेले मास्तर दिसले. एका तुकड्यात मागे तोंड पुसणारा धाकटा भाऊ दिसला. उरलेल्या तुकड्यात स्टिअरिंग होतं आणि स्टिअरिंगमागे त्यांची बहीण.

"तू?" आक्का म्हणाल्या. "तू चालवत आलीस?"

मास्तरीणबाई उतरल्या. आक्कांनी बहिणीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळा बघितला. घाई केली नाही. बघून झाल्यावर त्यांनी मास्तरांकडे मान वळवली. "हिला एवढं येत होतं, मग इतकी वर्षं का नाही आलात हो भाऊजी?"

मास्तरांनी खूप उत्तरं शोधली. रस्ता खराब होता, क्लासला गर्दी होती. सगळी उत्तरं त्यांनी आजवर दिलेलीच होती. "माझंच चुकलं, आक्का," ते म्हणाले.

आक्कांनी मान डोलावली. ओरडण्याइतका वेळ त्यांच्याकडे नव्हता. त्या उठल्या, भिंत चाचपत गाडीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "मला बसव. अजून उजेड आहे. दिसतंय तोवर हिच्याबरोबर एक चक्कर मारून येऊ दे मला. नदीपर्यंत ने गं."

मास्तरांनी घाईघाईने आपली जागा रिकामी केली, आक्कांना हात धरून डावीकडे बसवलं आणि स्वतः मागे मेहुण्याशेजारी गादीवर गेले. गाडी चालू झाली. आक्कांनी पाय लांब केले.

"हे काय पायाला लागतंय?"

मास्तरीणबाईंनी आरशात पाहिलं. मेहुण्याने तोंडावर हात ठेवला.

"काही नाही आक्का," मास्तर मागून म्हणाले. "माझं जुनं सामान आहे. तुम्ही आपल्या पाय वर घेऊन बसा."